देवगिरी चढताना

आधी बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल, मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा. हात मोकळे सोडा. एक श्वास नेहमीसारखा घ्या, दुसरा थोडा लांब. आज एक डोंगर चढायचा आहे आणि कुठेही वेळेवर पोचायचे नाही.

डोळ्यांपुढे देवगिरी आणा. पाहिलेला असेल तर सोपे जाईल. संभाजीनगरहून वेरूळला जाताना तो दिसतो, आसपासच्या मुलखापासून सुटून एकटाच उभा असलेला. पाहिला नसेल तर एवढेच मनात धरा, की या डोंगराची खालची सगळी उतरण माणसांनी छिन्नी-हातोड्याने तासून टाकली आहे. वरचा डोंगर डोंगरासारखा आहे, खालचा भाग भिंतीसारखा सरळ आहे. पाय रोवायला कुठे जागा नाही. ज्यांनी तो कातळ कापला त्यांची नावे कुठे नाहीत. त्या घावांकडे नुसते पाहा. एका घावाला किती वेळ लागला असेल, आणि असे घाव किती.

वर जायचे आहे, पण इतक्यात नको. पायथ्याच्या नगरात थांबा.

१२९० साल आहे. इथल्या माणसांच्या तोंडी ते शके १२१२ आहे. आपण ज्याला मध्ययुग म्हणतो त्यात आपण राहतो, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. त्यांच्यासाठी हा आजचा दिवस आहे. पहाटेची वेळ आहे, कुठल्या तरी घरात जाते सुरू झाले आहे. यादवांच्या भिल्लमाने इथे राजधानी केली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. रामचंद्रदेव गादीवर बसल्यालाही वीसेक वर्षे होत आली. जिच्या घरात जाते फिरते आहे ती बाई राजाचा विचार करत नाही. पावसाचा, उधारीचा, तापलेल्या लेकराचा विचार करते. तिच्या बाजूला बसा. तिला काही सांगू नका. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे आणि तिला माहीत नाही, एवढे फक्त जाणवू द्या.

इथून पायी दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, प्रवरेच्या काठी, नेवासे आहे. तिथे एका देवळात, खांबापाशी बसून, विशीही न गाठलेला एक तरुण गीतेचा अर्थ मराठीत सांगतो आहे आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत. ओव्यांची संख्या नऊ हजारांच्या घरात जाईल. तो खांब आजही नेवाशात आहे. लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. त्यावर एक लेख कोरलेला आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटले होते, यावर ज्ञानेश्वरांविषयी काही असेल. तसे काही त्यात नाही. देवळातल्या दिव्याला तेल मिळत राहावे म्हणून कुणी दिलेल्या दानाची ती नोंद आहे.

त्या दिव्यापाशी जरा थांबा. देवळातला अंधार, दगडाचा थंडपणा, आणि एक ज्योत. कुणीतरी पैसे बाजूला काढून ठेवले, कारण त्याला वाटले की आपण नसलो तरी हा दिवा जळत राहावा. त्याला पुढच्या वर्षांची खात्री होती. देऊळ राहील, तेली राहील, दान चालवणारे राहतील. तीन श्वास त्या ज्योतीकडे पाहा आणि त्या माणसाची खात्री आपल्या छातीत उतरू द्या. ती अगदी खरी होती.

अशीच खात्री पंढरपुरातही दगडावर कोरलेली आहे. विठ्ठलाच्या देवळातल्या चौऱ्याऐंशीच्या लेखात १२७३ ते १२७७ या वर्षांतल्या देणग्या नोंदल्या आहेत. देणाऱ्यांत हेमाद्री पंडित आहे, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो. स्वतः रामचंद्रदेवही आहे, आणि त्या लेखात त्याची ओळख पंढरीच्या फडाचा मुख्य अशी दिली आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, आणि विठोबाच्या दारात तो फडातला एक. मला हा लेख फार जवळचा वाटतो. राजा आणि वारकरी एकाच दगडावर आले, असे आपल्या इतिहासात वारंवार झालेले नाही.

तर हे १२९०. दिवा जळतो आहे, जाते फिरते आहे, ओव्या उतरत आहेत. इथे हवे तितके थांबा. पुढे जायला मन होत नसेल तर मलाही होत नाही.

आता सहा वर्षे पुढे चला.

गंगेकाठच्या कडा इथला सुभेदार अलाउद्दीन खलजी घोडदळ घेऊन दक्षिणेकडे निघाला आहे. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन त्याचा चुलता आणि सासरा. त्याला या स्वारीचा पत्ता नाही. वाट चंदेरीवरून एलिचपूरला येते, म्हणजे आपल्या अचलपूरला. वाटेत कुणी विचारलेच तर उत्तर तयार आहे: चुलत्याशी पटत नाही, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी शोधायला चाललो आहे. देवगिरीचे सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेलेले आहे. विंध्य ओलांडून दिल्लीची फौज इतक्या दूर येऊ शकते, ही गोष्ट इथे कुणाच्या हिशेबातच नव्हती. ज्याची कल्पना केलेली नसते त्याच्यासाठी तटावर पहारा नसतो.

रामचंद्रदेव किल्ल्यात शिरला आणि दरवाजे बंद झाले. यानंतरचा प्रसंग फरिश्ता या इतिहासकाराने सांगितला आहे, सुमारे तीनशे वर्षांनंतर. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या पायथ्याशी पडल्या होत्या. व्यापारी पळून गेले होते. किल्ल्यातल्या लोकांनी त्या धान्याच्या समजून घाईघाईने वर नेल्या. वेढा पडल्यावर गोण्या उघडल्या. आत मीठ होते.

हा प्रसंग जसाच्या तसा घडला की सांगता सांगता घडवला गेला, यावर मी वाद घालणार नाही. तुम्ही त्या गोणीजवळ जा. एखादा साधा माणूस आहे, कोठारावर नेमलेला. त्याने सुतळी सोडली आहे. हात आत घातला आहे. बोटांना दाणे लागले, पण ते गव्हाचे नाहीत, जोंधळ्याचे नाहीत. त्याने चिमूट जिभेवर ठेवली. त्याने दुसरी गोणी उघडली. तिसरी उघडली. वर राजा आहे, राजाची बायका-मुले आहेत, शेकडो माणसे आहेत, आणि ही गोष्ट या क्षणी फक्त त्याला माहीत आहे.

इथे थांबा. त्याचे हात पाहा, मिठाने पांढरे झालेले. राज्य बुडाल्याची बातमी तो आता वर घेऊन जाणार आहे, पण त्याच्या मनात राज्य नाही. उद्या काय शिजवायचे, हे आहे. सगळ्या बखरींत आणि तवारिखांत मला ज्याच्याविषयी सर्वांत जास्त वाटते तो हा माणूस आहे. त्याला नाव नाही.

पुढचे लवकर आटोपते. शंकरदेव परतला, बापाचा निरोप न मानता लढला, आणि फरिश्ता सांगतो की लढाई त्याच्या बाजूने झुकलीही होती. तेवढ्यात वेढ्यावर ठेवलेली अलाउद्दीनची तुकडी धूळ उडवत आली आणि दिल्लीची मोठी फौज आली असे समजून यादवांचे सैन्य मोडले. एकदा गोण्यांनी फसवले, एकदा धुळीने. रामचंद्रदेवाने खंडणी कबूल केली. फरिश्त्याचा आकडा सहाशे मण सोन्याचा आहे. मोती, रत्ने, रुपे, रेशीम वेगळे. त्या काळचा मण आजच्या मणापेक्षा लहान होता, आणि असे आकडे वाढतातही. पण वजन कमी करून घेतले तरी ती पिढ्यान् पिढ्यांची साठवण होती.

आता त्या सोन्याच्या मागे मनाने जा. तापी ओलांडा, नर्मदा ओलांडा, विंध्य मागे टाका. जुलै महिन्यात म्हातारा जलालुद्दीन पुतण्याला भेटायला नावेतून कड्याला आला. पुतण्या पाया पडला, चुलत्याने त्याला उठवून जवळ घेतले, आणि तिथेच त्याचा खून झाला. मग अलाउद्दीन दिल्लीकडे निघाला. इतिहासकार बरनी लिहितो की वाटेत मुक्कामा-मुक्कामाला दगड फेकायच्या यंत्रातून सोने गर्दीवर उधळले जात होते, आणि लोक त्याच्या बाजूला येत होते. ऑक्टोबरात तो दिल्लीत शिरला. देवगिरीत साठलेल्या सोन्याने दिल्लीचे तख्त विकत घेतले.

त्याच वर्षीच्या कार्तिकात, वद्य त्रयोदशीला, आळंदीत ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली.

हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणा. त्याच वर्षी. दिल्लीतला तो प्रवेश आणि आळंदीतली ही समाधी यांत काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे अंतर आहे. शाळेत मी पहिली घटना इतिहासाच्या पुस्तकात शिकलो आणि दुसरी मराठीच्या. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात होती. एकाच वर्षाने दोन्हीकडे सही केली आहे, हे कुणी दाखवले नाही, आणि मलाही ते फार उशिरा दिसले. दिसले त्या दिवशी मी दुसरे काही वाचू शकलो नाही.

या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, हे घाईने ठरवू नका. त्या शेजारी शेजारी ठेवा, एक डाव्या तळहातावर, एक उजव्या. एकीकडे सोने उधळले जाते आहे, लाखो लोक पाहत आहेत. दुसरीकडे एकवीस-पंचवीस वर्षांचा एक जण पायऱ्या उतरून खाली जातो आहे, आणि परंपरा सांगते की भावंडे आणि नामदेव बाहेर उभे आहेत. श्वास सोडा. दोन्ही हात तसेच राहू द्या.

आता किल्ल्यात शिरू.

पहिले दरवाजे ओलांडले की उजवीकडे-डावीकडे बरेच काही येते आणि वाटाड्या प्रत्येक ठिकाणी थांबवतो. आपण सगळीकडे थांबणार नाही. उंच मिनार दिसतो तो चांद मिनार, पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने बांधलेला, साठ मीटरपेक्षा उंच. त्याच्याजवळ शंभरावर खांबांचे एक आवार आहे. ते खांब जुन्या देवळांचे. कुतुबुद्दीन मुबारक खलजीच्या काळात त्यांची मशीद झाली, आणि आता तिथे भारतमातेची मूर्ती आहे. लखुजी जाधवांचा घातही याच किल्ल्यात झाला, १६२९ साली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लेकीने शिवनेरीवर शिवाजीला जन्म दिला. त्यावर बसायचे तर वेगळा दिवस लागेल.

आणखी वर चला. खंदक येतो, कातळातच कोरलेला. तो ओलांडला की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून वळत वळत वर जाणारा हा रस्ता आहे, भर दुपारीही हात डोळ्यांपुढे धरला तर दिसत नाही. वाटाड्या इथे टेंभा किंवा मोबाइलचा उजेड लावतो. आज उजेड लावू नका.

अंधारीत उभे राहा. भिंतीला हात लावा. कातळ ओलसर आहे, वटवाघळांचा वास आहे. पुढे काय आहे दिसत नाही, मागचे दार आता दिसत नाही. १२९६ नंतरची वीस-पंचवीस वर्षे या मुलखात अशी गेली. रामचंद्रदेवाने खंडणी थकवली तेव्हा अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि राजाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे त्याचा मान झाला, 'रायरायान' असा किताब मिळाला, आणि परत येऊन त्याने वरंगळच्या स्वारीत दिल्लीच्या फौजेला मदत केली. मदत करावी लागली म्हणू. १३११ च्या सुमारास तो वारला. शंकरदेवाने खंडणी बंद केली, तो मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपाळदेव याने शेवटचे डोके वर काढले, त्याला १३१८ च्या सुमारास अंगाची साल काढून मारले. यादवांचा वंश राज्यावरून संपला. यातल्या प्रत्येक वाक्यामागे जळलेली गावे आहेत. मी त्यांची वर्णने करणार नाही.

अंधारात मला एक बाई आठवते.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी गोळा केल्या होत्या. एकेका साक्षीदाराकडे जाऊन, विचारून, पुन्हा पडताळून, मराठीत. चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांचा आग्रह होता की लिहायचे ते मराठीतच. संस्कृतात लिहिले तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे महानुभावांनी जपून ठेवले आहे. मग धाड आली. महानुभाव तिला खालशाची धाड म्हणतात, म्हणजे खलजींची. त्या पळापळीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली.

परंपरा सांगते की ती पोथी काही जणांना पाठ होती, आणि त्यांत एक हिराइसा होती. एकदा ऐकलेले तिच्या मनातून जात नसे. तिने आणि इतरांनी आठवून आठवून ते चरित्र पुन्हा उभे केले. लीळाचरित्राच्या अभ्यासात आजही 'हिराइसा पाठ' असे नाव घेतले जाते. मराठीतला हा एवढा जुना, एवढा मोठा गद्यग्रंथ आपल्यापर्यंत आला, त्याच्या वाटेवर एका बाईची आठवण उभी आहे.

तिची कल्पना करा. कुठल्या तरी खेड्यात, पडवीत, धाडीनंतर. समोर कुणी टाक घेऊन बसला आहे. ती डोळे मिटते. लीळा सुरू होते. चक्रधर कुठे बसले होते, कोण आले, काय विचारले, स्वामी काय म्हणाले. मध्येच अडते. मागे जाते, पुन्हा सुरू करते. कोठारातल्या माणसाने गोणी उघडली तेव्हा आत भलतेच निघाले. हिच्या गोणीत धान्यच होते.

आता तुम्हीही याच अंधारात, कुठल्याही पुस्तकाची मदत न घेता, तुम्हाला पाठ असलेले काहीही आठवा. अभंग असेल, आजीची ओवी असेल, पाळणा असेल, शाळेतली कविता असेल. मोठ्याने म्हणायची गरज नाही. शेवटपर्यंत जाते का पाहा. अडले तर मागे जा आणि पुन्हा सुरू करा. ते कुणी शिकवले, तो चेहरा आठवतो का, तेही पाहा. इथे कितीही वेळ लागू द्या. मी थांबतो.

पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लपवले. ते इतके नीट लपले, की विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला हे भांडार जवळजवळ माहीतच नव्हते. पाचशेहून अधिक वर्षे. जपण्याचीही किंमत असते. जे लपवून जपले ते राहिले, पण इतकी शतके बाकीचे त्याला मुकले. जे वाटेवर गात जपले त्यात अक्षरे बदलली, पण ते सगळ्यांचे राहिले.

अंधारीतून बाहेर या. उजेड डोळ्यांना लागेल. हळूहळू उघडा.

बाहेर १३२७ साल आहे. देवगिरीचे नाव आता दौलताबाद आहे आणि मुहम्मद बिन तुघलकाने ही राजधानी करायचे ठरवले आहे. दिल्लीचे अमीर, उलेमा, सूफी, त्यांची घरेदारे इकडे निघाली आहेत. मराठी पुस्तकांत ही गोष्ट लहरी सुलतानाचा किस्सा म्हणून येते आणि संपते. थोडे थांबू, कारण या वाटेवरही माणसे होती. इसामी नावाच्या कवीने, जो तेव्हा सोळा वर्षांचा होता, लिहून ठेवले आहे की त्याच्या नव्वद वर्षांच्या आजोबांना घरातून काढून या वाटेला लावले, आणि ते पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला वारले. दिल्लीपासून दौलताबाद चाळीस दिवसांची वाट आहे, असे प्रवासी इब्न बतूता सांगतो, आणि दोन्ही कडांना झाडे लावलेली आहेत, बागेतून चालल्यासारखे वाटते. आजोबांना त्या झाडांपैकी फारच थोडी दिसली.

इसामीच्या हातात तुमचा हात द्या. तो खलजींच्या बाजूचा नाही आणि यादवांच्या बाजूचाही नाही, तो आजोबांना पुरून पुढे निघालेला मुलगा आहे. त्याच वाटेने सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब आले, कवी अमीर हसन आले. दोघांच्या कबरी जवळच्या खुलताबादेत आहेत. राजधानी काही वर्षांतच परत दिल्लीला गेली, पण आलेले सगळे परत गेले नाहीत. त्यांच्या बोलीतून पुढे दखनी घडली, आणि आपल्या मराठीत अर्ज, दप्तर, जमीन, तारीख असे शब्द येऊन बसले ते आता कुणाला परके वाटत नाहीत. १३४७ मध्ये दक्षिणेतले अमीर तुघलकाविरुद्ध उठले आणि हसन गंगूने याच किल्ल्याच्या आश्रयाने स्वतःला सुलतान म्हणवले. बहमनी राज्य इथे जन्मले आणि गुलबर्ग्याला राहायला गेले. दिल्लीचा हात सुटला तो अडीचशे वर्षे.

हे सगळे घडत होते तेव्हा, म्हणजे १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. वेठीला धरलेले महार दगड वाहत होते. कूस कोसळली आणि त्याखाली गेलेल्यांत चोखोबा होते. राजधान्यांची वळणे ज्यांच्या पाठीवरून जातात ती माणसे कोण, हे समजायला मला एवढी एक भिंत पुरते. सुलतान बदलला काय, राजा बदलला काय, चोखोबांची वेठ बदलली नव्हती. यादवांच्या चांगल्या दिवसांतही ते देवळाच्या बाहेरच उभे होते. आपण मघाशी ज्या खात्रीच्या दिव्यापाशी बसलो त्याचा उजेड त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नामदेव मंगळवेढ्याला आले. ढिगाऱ्यात हाडे मिसळली होती. परंपरा सांगते की त्यांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ते चोखोबांचे म्हणून पदरात घेतले. पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

तो म्हातारा वाकलेला पाहा. नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. १२७० मध्ये जन्मले तेव्हा यादवांचे राज्य भरात होते. आळंदीला समाधीच्या दिवशी ते सव्वीस वर्षांचे होते. रामचंद्रदेव, शंकरदेव, हरपाळ गेले, तुघलक आला आणि परत फिरला, हसन गंगू गादीवर बसला, आणि १३५० मध्ये नामदेव गेले. इतिहासकार ज्याला तीन युगे म्हणतील ती एका माणसाच्या आयुष्यात मावली, आणि तो माणूस त्या सगळ्या काळात कीर्तन करत फिरला, पंजाबपर्यंत. हाड कानाशी धरा. काही ऐकू आले नाही तरी खाली ठेवायची घाई करू नका.

आता शेवटचा चढ.

दोनशे वर्षे सरली आहेत. बहमनी मोडली, किल्ला निजामशाहीकडे आला आहे. या किल्ल्यावर कारभार बघणारे जनार्दनस्वामी आहेत. सुलतानाचे चाकर, आणि दत्ताचे उपासक. त्यांच्याकडे पैठणहून एक मुलगा आला आहे, एकनाथ. तो गुरूची सेवा करतो, हिशेब लिहितो. एका पैची चूक सापडेना म्हणून तो रात्रभर दिव्यापाशी वह्या चाळत बसला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती मी नेहमी हिशेबाची गोष्ट म्हणून ऐकत आलो. या डोंगरावर बसून ती वेगळी ऐकू येते.

कारण याच मुलाने पुढे ज्ञानेश्वरी हातात घेतली. तीनशे वर्षे ती मुखोमुखी आणि हातोहात फिरली होती. लिहिणाऱ्यांनी शब्द बदलले, अवघड वाटले ते सोपे केले, आपल्या ओव्या घातल्या. नाथांनी पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, भेसळ काढली. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध प्रत तयार झाली. लिहिली गेल्यापासून दोनशे चौऱ्याण्णव वर्षांनी. ज्या राज्याच्या सावलीत ती लिहिली गेली त्याचा किल्ला, त्याच किल्ल्यावर शिकलेला मुलगा, आणि तीच पोथी. तटावरून खाली पाहा. प्रवरा इथून दिसत नाही, पण त्या दिशेला तोंड करता येते.

वारा लागू द्या. श्वास आत, श्वास बाहेर. जात्यावरची बाई, मिठाने पांढरे झालेले हात, हिराइसेचे मिटलेले डोळे, तिलपतच्या कडेला पुरलेले आजोबा, नामदेवांच्या कानाशी धरलेले हाड. यांतले एक कुठले तरी तुमच्याबरोबर खाली येईल. कुठले, ते तुम्ही निवडू नका.

डोळे उघडा. उठायच्या आधी एक काम करा. घरात ज्ञानेश्वरी असेल तर तिचे शेवटचे पान काढा. पसायदानाशी आपण सगळे थांबतो, हात जोडतो आणि पोथी मिटतो. आज मिटू नका, पुढच्या ओव्या वाचा. ग्रंथ कुठे झाला, कोणत्या वर्षी झाला, हे ज्ञानेश्वरांनी तिथे सांगितले आहे, आणि तेव्हा न्यायाने राज्य करणारा राजा कोण हेही. श्रीरामचंद्र, यदुवंशाचा. त्याच्या सिंहासनाचा आज एक दगडही दाखवता येत नाही. पारायण पुरे करणारा प्रत्येक जण अजून त्याचे नाव घेतो.